बदल डिस्कवर लिहायचे का?

मला गप्प बसता येत नाही. लहानपणी आईने एकदा वैतागून माझ्या तोंडाला चिकटपट्टी लावली, तर मी नाकातून बोलत राहिले, असं ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यामुळे ताई जेव्हा म्हणाली, "उद्या दुपारभर तू एक अक्षरही बोलायचं नाहीस, चिमणे," तेव्हा आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि पाठ चोळायला मलाच उठावं लागलं.

चिमणी म्हणजे मी. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि तिला जन्मापासून दिसत नाही. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. यावर करता येण्यासारखे सगळे विनोद करून झालेत आणि त्यातले चांगले तिनेच केलेत. आमची दारं समोरासमोर आहेत. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे असते, आणि मला वाटेल तेव्हा मी आत शिरते.

ताई एका मोठ्या कार्यालयात टेलिफोन बोर्डवर होती. अख्ख्या इमारतीतली माणसं ती नुसत्या खाकरण्यावरून ओळखायची. मग बोर्ड गेला आणि त्या जागी "एक दाबा, दोन दाबा" म्हणणारं यंत्र आलं. तेव्हापासून ती घरी होती. तक्रार करत नव्हती, पण दिवसातून दोनदा फरशी पुसायला लागली होती, आणि मला तेच बघवत नव्हतं.

अशात तिला एका संस्थेचं बोलावणं आलं. न पाहणाऱ्या माणसांसाठी बोलती मार्गदर्शिका बनवणारी संस्था. कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे कुणालाही मोफत घेता येणारी, उघडून बघता येणारी प्रणाली, आपली आपण कशी बसवायची हे सांगणारा माणूस त्यांना हवा होता. लिहिणाराही तोच आणि बोलणाराही तोच. पगार होता, टेबल होतं, पुन्हा रोज सकाळी घराबाहेर पडणं होतं. परीक्षा मात्र खाष्ट होती. कोऱ्या मशीनवर एकटीने प्रणाली बसवायची. पहिल्या कळीपासून शेवटच्या कळीपर्यंत सगळं रेकॉर्ड करायचं, मध्ये कुठेही कापायचं नाही. पाहणाऱ्या माणसाची मदत घ्यायची नाही. डिस्कचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग पाडायची पायरी, आली की कोणता फॉरमॅट निवडला आणि का, ते ऐकणाऱ्याला समजावायचं. आणि ते रेकॉर्डिंग त्याच नव्या मशीनवरून संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं.

"सगळे त्या पार्टिशनपाशीच अडतात," ताई म्हणाली. "तोवर नुसतं पुढे, पुढे, पुढे. इथे मात्र एक आकडा चुकला की डिस्क साफ. मग घाबरून लोक दुसऱ्या कुणाला तरी बसवायला सांगतात. आणि एकदा दुसऱ्याने बसवलं की ते मशीन कायमचं त्याचंच होतं."

हे बोलताना तिने माझ्याकडे तोंड केलं नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

आठवडाभर आमच्याकडे फॉरमॅट सोडून दुसरा विषय नव्हता. फॉरमॅट म्हणजे डिस्कवर सामान लावायची पद्धत, एवढं मला समजलं होतं, आणि एवढं समजल्यावर मी मत न देणं शक्यच नव्हतं. मी बीटीआरएफएस नावाच्या पद्धतीच्या बाजूने होते. कारण त्यात म्हणे डिस्कचं जसंच्या तसं चित्र काढून ठेवता येतं आणि काही बिनसलं तर मागे जाता येतं. मागे जाता येतं! अहो, माझ्यासारख्या बाईला आयुष्यात दुसरं हवं काय? तोंडातून गेलेला शब्द मागे घेता आला असता तर माझी सासू माझ्याशी आजही बोलत असती.

"छान आहे गं," ताई म्हणायची, "पण रुसली तर तिची समजूत काढायला जाणकार लागतो."

"आणि ती ईएक्सटी-फोर?"

"ती जुनी आहे, साधी आहे."

"म्हणजे कंटाळवाणी."

"तुझा नवरा कसा आहे?" ताईने विचारलं, आणि आमचे हे समोरच बसलेले असल्यामुळे मला विषय बदलावा लागला.

एक्सएफएसचंही नाव निघालं होतं, पण एकदा दिलेली जागा ती कमी करत नाही म्हटल्यावर आमच्या ह्यांनी तिला लग्नाला आलेले पाहुणे म्हटलं आणि ती बादच झाली. ताईचं शेवटी काय ठरलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. "रेकॉर्डिंगमध्येच सांगेन," म्हणाली. मला रात्री झोप लागेना. परीक्षा तिची आणि जागरण माझं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून सुट्टी काढली. सकाळपासून गल्लीतले आवाज बंद करत फिरत होते. खालच्या दाराची घंटा काढून ठेवली. वरच्या मजल्यावर एक सुतार कुणाचं तरी कपाट बनवत होता, त्याच्यापुढे जाऊन हात जोडले.

"दादा, दुपारभर ड्रिल नको. माझ्या बहिणीची परीक्षा आहे."

"कितवीला आहे?" त्याने विचारलं.

"पन्नास पूर्ण होतील," म्हटलं. तो बघतच राहिला, पण ड्रिल खाली ठेवलं. भला माणूस.

ताईने मला खोलीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायला परवानगी दिली, तीही मी तासभर गयावया केल्यावर. अट एकच, मुकं राहायचं. ती तोंड धुवायला आत गेली तेव्हा मी टेबलावर शेवटची नजर फिरवली. मशीन, कीबोर्ड, स्पीकर, रेकॉर्डर, प्रणाली बसवायचा पेनड्राइव्ह. सगळं जागच्या जागी. फक्त तिची बाहेरची डिस्क बाजूला पडली होती.

त्या डिस्कचं सांगायला हवं. आमच्याकडे फोटोंचे अल्बम आहेत, तसा तिच्याकडे आवाजांचा आहे. बाबांचं झोपताना पुटपुटणं, आईचं भांडण, माझ्या लेकीचं पहिलं रडणं, जुन्या घराच्या दाराची करकर, सगळं त्या एका डिस्कवर. दुसरी प्रत नाही. नवीन मशीन तयार झालं की पहिल्यांदा हेच त्यावर उतरवून घ्यायचं, असं ठरलं होतं. मी विचार केला, नंतर ताईला मागच्या बाजूला चाचपडत बसायला नको, आताच लावून ठेवते. आणि मागच्या खाचेत वायर खोचून दिली. मी अशी आहेच, काम सांगण्याआधी करून मोकळी होणारी. याचं लोक कौतुक करतात.

ताई येऊन बसली. रेकॉर्डर चालू केला. मशीनने टुंग केलं, तिने एक कळ दाबली, एण्टर मारला, आणि स्पीकरमधून आवाज आला. सर्दी झालेल्या माणसाने पाढे म्हणावेत तसा आवाज. पण काय सांगू, अंगावर काटा आला! कोरं मशीन, आत काही नाही, आणि ते माझ्या बहिणीशी बोलत होतं. प्रत्येक प्रश्नाला पर्यायांची यादी, प्रत्येक पर्यायाला आकडा. ती आकडा टाइप करायची, एण्टर मारायची, आणि मध्ये रेकॉर्डरकडे वळून बोलायची. तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. तिचा बोर्डवरचा आवाज. शांत, खात्रीचा, समोरच्याला धीर देणारा.

भाषा झाली. कीबोर्ड झाला. नाव विचारलं, तिने नाव दिलं. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते.

"आता पार्टिशन," ताई म्हणाली. "इथे घाबरायचं नाही. इथे मी स्वतः ठरवणार आहे, म्हणून चौथा पर्याय."

मशीनने डिस्कची यादी वाचायला सुरुवात केली. ताईने इथवरची वाट आदल्या दिवशी करून बघितली होती, तेव्हा मशीनच्या आतली डिस्क सात नंबरवर आली होती. "सात" हे ती चहा पितानाही पुटपुटत होती. मशीन वाचत होतं आणि मी पडद्यावर बघत होते.

सात नंबरवर दुसरीच डिस्क होती.

मी खोचलेली डिस्क यादीत आधी येऊन बसली होती आणि बाकीचं सगळं खाली सरकलं होतं. सात म्हणजे आता बाबा, आई, माझ्या लेकीचं रडणं, दाराची करकर.

ताईने सात दाबलं. एण्टर.

मशीन काहीतरी घडाघडा बोललं. ताई क्षणभर थांबली. मला वाटलं, आता कळेल तिला. पण ती पुढे निघाली! फॉरमॅटच्या यादीत गेली, ईएक्सटी-फोर निवडलं, एण्टर, आणखी एण्टर. मी तोंडावर हात दाबला. बोलले तर परीक्षा गेली, कारण पाहणाऱ्याची मदत झाली. नाही बोलले तर बाबांचा आवाज गेला. घड्याळात तीन वाजून गेले होते, म्हणजे पहिल्यापासून पुन्हा करायलाही वेळ नव्हता. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. आणि हे सगळं कुणी केलं होतं? माझ्या या हातांनी.

पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. मशीनने तो वाचला. बदल डिस्कवर लिहायचे का? एक, हो. दोन, नाही.

ताईचं बोट आकड्यांवर गेलं. ती काहीतरी बोलायला लागली, पण मला ऐकूच येत नव्हतं, माझ्या कानांत नुसतं धडधडत होतं.

"ताईऽऽ! थांब! नको दाबू! ती तुझी आवाजांची डिस्क आहे गं!"

वरून सुतार धावत खाली आला, इतकी मी ओरडले होते. त्याला वाटलं कुणी पडलं.

ताई मात्र जागची हलली नाही. तिने दोन दाबलं. नाही. मग रेकॉर्डरकडे वळून, कुणी चुकून चुकीच्या नंबरवर फोन लावल्यासारख्या सुरात म्हणाली, "हा आवाज माझ्या धाकट्या बहिणीचा. तिला दिसतं. आता मी तिला बाहेर पाठवते आणि मग पुढे जाऊ."

"ताई, मी फक्त..."

"चिमणे. बाहेर."

मी बाहेर आले. आतून कडी लागली. त्या दाराला आतून कडी आहे हे मी विसरूनच गेले होते.

जिन्याच्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. सुतार बिचारा एक पायरी सोडून खाली बसला. "वहिनी, काय झालं नक्की?" मी सांगितलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, परीक्षा माझ्यामुळे गेली, आता ती परत फरशा पुसत बसेल. त्याने सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली.

"पण गेली असती तर त्यांनी रेकॉर्डिंग बंद नसतं केलं?" तो म्हणाला. "आत तर बोलणं चालूय."

खरंच चालू होतं. मी दाराला कान लावला. ताईने मागची वायर काढली होती, मशीनला डिस्क पुन्हा ओळखायला लावल्या होत्या, आणि ते पुन्हा यादी वाचत होतं. आता सात नंबरवर योग्य डिस्क होती. फॉरमॅट कोणता, असं मशीनने विचारलं.

"इथे मी ईएक्सटी-फोर निवडते," दाराआडून ताईचा आवाज आला. "याहून हुशार फॉरमॅट आहेत. मागे जाऊ देणारे आहेत. माझ्या बहिणीला ते फार आवडतात. पण मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. हे बिघडेल तेव्हा काय? कधीतरी वीज जाईल, मशीन अर्धवट उठेल, पडद्यावर काहीबाही येईल आणि आवाज येणार नाही. तेव्हा तुमच्या घरात बघून सांगणारं कुणी असेलच असं नाही. ही पद्धत जुनी आहे. हिची दुरुस्ती हजारो लोकांनी केली आहे, आणि ती बहुतेक वेळा ठरलेल्या चार कळांनी होते. फोनवर कुणीही सांगू शकतं. मला असा फॉरमॅट हवा होता, की जो मोडला तर मला एकटीला जोडता येईल."

सुतार म्हणाला, "बरोबर आहे." मी आठ दिवस त्या बाईशी वाद घातला होता आणि हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता. कारण माझ्या हिशेबात बघून सांगणारं कुणीतरी कायमच होतं. मी होते ना.

आत मशीनने शेवटचा प्रश्न विचारला. या वेळी तिने हो म्हटलं.

मग फाइली उतरत राहिल्या. सुतार वर गेला, परत आला, मला चहा देऊन गेला. चार वाजून बराच वेळ झाला तेव्हा ताई म्हणाली, "आता मशीन बंद होऊन पुन्हा उठेल, आणि आपण आपल्या नव्या प्रणालीत असू." टुंग झालं.

आणि मग काहीच नाही.

मी दाराला कान आणखी चिकटवला. आवाज नाही. कळा वाजल्या, थांबल्या, पुन्हा वाजल्या. ताईसुद्धा बोलेना. मला डोळ्यांपुढे दिसत होतं, पडद्यावर काहीतरी आलेलं असणार, सरळ स्वच्छ अक्षरांत, आणि ती त्याच्यासमोर बसून ऐकत असणार. एक नजर टाकली की झालं. कडी आतून होती, पण स्वयंपाकघराच्या बाजूचं दार नुसतं लोटलेलं असतं. मी उठले. बोळकांडीतून त्या दारापर्यंत गेले. दारावर हात ठेवला. आत खुर्ची सरकली आणि ताईने मोठा उसासा टाकला. पाच वाजायला आले होते. मी आत गेले असते तर कुणाला कळणार होतं?

मी हात काढला. तिथेच खाली जमिनीवर बसले आणि माझा पदर तोंडात कोंबला. खरंच कोंबला, विनोद नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आतून ताई स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अरे हो. नवीन आहे. त्याला आधी बोल म्हणून सांगायला लागतं." तीन कळा एकदम दाबल्याचा खट्ट आवाज. आणि तो सर्दी झालेला गडी बोलायला लागला!

ताई हसली. आधी हळूच, मग मोठ्याने, मग ती टाळ्या वाजवायला लागली. माझी पन्नाशीची बहीण, रेकॉर्डर चालू असताना, एकटीच टाळ्या वाजवत होती. "आपलं मशीन उठलं," ती म्हणाली. "आता पाठवते." मी बाहेर जमिनीवर बसून इतकी खूश होते की माझ्याच्याने राहवेना, म्हणून जिन्यावर धावले आणि सुतारालाच सांगून आले. त्याने आनंदाने ड्रिल चालू केलं.

पाठवण्याआधी ते सुरुवातीपासून ऐकायला वेळ नव्हता. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघांनी ऐकलं. माझी किंकाळी आली तशी मी उशीत तोंड लपवलं. ताईने ते मागे नेलं, आवाज वाढवला आणि परत लावलं. माझ्या आरडाओरड्याच्या खाली, अगदी स्पष्ट, ती बोलत होती. "इथपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नाही. मी मुद्दाम इथवर आले. सात नंबर दाबल्यावर मशीनने डिस्कचा आकार सांगितला, तो या मशीनच्या डिस्कचा नाही. कुणीतरी दुसरी डिस्क लावून ठेवली आहे. तेव्हा आकडा पाठ करू नका, आकार ऐका, आणि इथे नाही म्हणा."

आमचे हे माझ्याकडे बघायला लागले.

"तुला आधीच कळलं होतं?" मी विचारलं.

"सात दाबलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतच होते की," ताई म्हणाली. "तू ऐकू दिलं असतंस तर."

संस्थेचा फोन पुढच्या आठवड्यात आला. नोकरी मिळाली! मी तिला उचलून गोल फिरवायला गेले आणि दोघी पलंगावर पडलो. किंकाळी मदत धरायची का, यावर त्यांच्याकडे म्हणे बराच खल झाला. शेवटी असं ठरलं, की मदत ती जिच्यामुळे काम सोपं होतं, आणि हे तर सरळ सरळ विघ्न होतं. ते विघ्न पार करून ही बाई पुढे गेली, म्हणून हीच हवी.

आता मार्गदर्शिका तयार झाली आहे. पहिला भाग ताईने मला कालच ऐकवला. पूर्वतयारी सांगताना ती म्हणते, "वीज आणि कीबोर्ड तपासा. मशीनला नको असलेलं काही जोडलेलं नाही ना, मागे हात फिरवून बघा. आणि खोलीत कुणी पाहणारं माणूस असेल, तर त्याला प्रेमाने बाहेर पाठवा."

"प्रेमाने कशाला?" मी फणकाऱ्याने म्हटलं. "मला तर नुसतं बाहेर म्हणाली होतीस."

"आधी नव्हता तो शब्द," ताई म्हणाली. "नंतर घातला. मशीन मुकं झालं होतं ना, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी तुझ्या बांगड्या वाजल्या. मी वाट बघत होते, आता ही आत येणार. तू आली नाहीस."